उलटी झाकणं

आमच्या मामाची आयुष्यात कधी चूक झाली नाही. भाजी खारट झाली तर मीठच हल्ली जास्त खारट येतं. बस चुकली तर ती मेली लवकर सुटली. मामी तीस वर्षं हे ऐकतेय आणि कपाळाला हात लावतेय.

बियाणं तपासणीच्या कचेरीत मामा वांग्याचं बी दाताखाली धरून वाण सांगायचा. मग तिथे प्रकाशाचं यंत्र आलं आणि ते चालवायला मी. बियांवर प्रकाश पाडायचा, परत येणाऱ्या प्रकाशाची रेघ पडद्यावर उमटते, प्रत्येक वाणाची वेगळी. पण कुठली रेघ कुणाची, हे यंत्राला आधी शिकवावं लागतं. ते मामाने शिकवलं, स्वतःच्या डब्यांतल्या बियांवरून. वाणांची नावं डब्यांवर नाहीत, झाकणांवर चिकटवलेली; मामाने तीच वाचून सांगितली, बी चावलं नाही.

"खण उघडला की झाकणच दिसतं ना, शहाणे?" नावं झाकणांवर का, असं मी विचारल्यावर मामा म्हणाला.

परवा एक रोपवाटिकावाली बी घेऊन आली. कागदावर लांब हिरवं वांगं, यंत्र म्हणालं गोल जांभळं. साहेबांनी नापासाचा शिक्का उचलला. म्हणजे सगळं बी जाळायचं आणि परवानाही गेला. बाईने कागद हाताखाली दाबून धरला.

मामाने त्यातलं एक बी चावलं. "लांबच आहे. यंत्र ठार वेडं आहे तुमचं." स्वारी भलतीच खूश. पुरावा म्हणून त्याने स्वतःचा 'लांब हिरवं' लिहिलेला डबा उघडला, त्यातलं बी तोंडात टाकलं आणि चावता चावता थांबला.

मला लगेच कळलं. आत गोल जांभळ्याचं बी होतं; यंत्राला शिकवण्याआधीच, डबे भरताना कचेरीतल्या गड्याने झाकणं उलटसुलट लावली होती.

ती चव त्याच्याशिवाय कुणालाच कळत नव्हती. गिळून टाकलं असतं तर विषय संपला असता, साहेब यंत्राचंच ऐकणार होते. मामाने बाईकडे पाहिलं. मला त्याची फार दया आली आणि, खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटली.

"यंत्र बरोबर शिकलंय," तो म्हणाला. "शिकवणारा चुकला. झाकणं उलटी लागलीत. चूक माझी."

झाकणं बदलून यंत्राला पुन्हा शिकवलं. बाईचं बी पास झालं.

संध्याकाळी मी मामीला सगळं सांगितलं.

"चूक माझी? हे म्हणाले? याच शब्दांत?"

"याच शब्दांत."



"त्या यंत्राला येऊन किती दिवस झाले गं?"

"आठ महिने."

"बघ, मला तीस वर्षांत नाही जमलं," मामी म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.