सावली पाहणारी बाई

मार्चअखेर उत्तरेकडे परतणारे शिकारी पक्षी बघायला मी मुलचेऱ्याजवळच्या एका डोंगरमाथ्यावर जाऊन बसलो होतो. गळ्यात नवी, महागडी दुर्बीण, मान आभाळाकडे. शेजारच्या कातळावर एक बाई मोहफुलांची टोपली उतरवून विसावली होती. पदराने घाम टिपत ती फुलांतला काडीकचरा वेचायची आणि मान वर न करताच म्हणायची, "आला, भाऊ." मी दुर्बीण फिरवेपर्यंत पक्षी डोंगराआड गेलेला असायचा.

तिसऱ्यांदा मी वैतागलो. "बाई, वर न बघता तुम्हाला कळतं कसं?"

तिने उन्हात तापलेल्या कातळाकडे बोट दाखवलं. "सावली दिसते ना! वर कायले पाहून राह्यले? डोळे जातीन. आमची कोंबडी कधी वर पाह्यते का? सावली सरकली का पिल्लं पंखाखाली घेते."

मी हसलो. तेवढ्यात एक रुंद सावली कातळावरून सरसरत थेट माझ्या अंगावर आली. दुर्बीण गळ्यातच राहिली. भानावर आलो तेव्हा मी तिच्या टोपलीला चिकटून बसलो होतो.

तिने न हसता टोपली सरकवली आणि मला जागा करून दिली.