औंढ्याच्या टाकीवरची तार

औंढ्याचा कैलास वराळ्याच्या एका कारखान्यात मीटर बसवण्याचं काम करतो. हात सफाईदार, स्वभाव गरीब. फक्त कुणी ‘कैलासशेठ’ म्हटलं की गडी हवेत जातो. गावाने नेमकं तेच म्हटलं आणि टाकीवरचं काम त्याच्या गळ्यात घातलं.

गावच्या टाकीतून दोन लाइनी निघतात. एक गावाला, दुसरी खालच्या बंगल्यांना. बंगल्यांना सकाळी थोडा वेळच पाणी सोडायचं ठरलेलं. त्यावरून सतत कुरबुरी, म्हणून त्या लाइनीवर मीटर आणलं. त्यातलं चाक पाण्याने फिरतं आणि तारेतून ठोके पाठवतं. पंपघरातली पेटी ते ठोके मोजते आणि किती पाणी गेलं ते सगळ्यांच्या मोबाइलवर दाखवते.

मीटरपासून पेटीपर्यंत तार न्यायची तर कडक मुरूम खणावा लागणार होता. गावाचं पाणी सोडणारे नथूआबा म्हणाले, “कशाला उकरत बसतो? मोटरीची केबल गेली हाय, त्याच पायपातनं ने की.”

आबा आपले मदत म्हणून बोलले. त्यांना काय ठाऊक! पण कैलासला ठाऊक होतं. मोटरीच्या केबलला चिकटून ही नाजूक तार नेली, तर मोटर चालू असताना तारेत खोटे ठोके उठतात. याच चुकीसाठी कारखान्यात तो नव्या कामगारांवर डाफरायचा. पण संध्याकाळी मेव्हणीची हळद होती, बायको स्नेहल फोनवर फोन करत होती. त्याने तार त्याच पाइपात सारली. माझा राग आहे तो इथे. नकळत चुकला असता तर मी हा विषय काढलाही नसता.

पुढे मोबाइलवर बंगल्यांकडे भलतंच पाणी जाताना दिसू लागलं, तेही त्या लाइनीचा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, बंद असायच्या वेळी. वॉलची चावी एकट्या नथूआबांकडे. झालं! ज्या माणसाने जन्मभर गावाला पाणी पाजलं, त्याच्याबद्दल कट्ट्यावर कुजबुज सुरू झाली. ग्रामसभेत कुणीतरी विचारलं, “आबा, यंत्र काय खोटं बोलतंय व्हय?”

आबांनी कमरेची चावी सोडून भैरवनाथाच्या पायरीवर ठेवली. अशी ठेवलेली वस्तू गावाने उचलून परत हातात दिली, तर माणूस निर्दोष. गावाने ती उचलली आणि आबांऐवजी रतन नावाच्या एका तरण्या पोराच्या हातात दिली.

सभेत मागे उभ्या असलेल्या कैलासला आपली तार आठवली. दुसऱ्या दिवशी तो टाकीवर गेला. वॉल घट्ट बंद, मीटरचं चाक जागच्या जागी. त्याने मोटर लावली आणि पेटीवरचे आकडे पळू लागले. निमूटपणे त्याने मुरूम खणला, वेगळी तार टाकली आणि पेटीला जोडली. आता आकडे बरोबर येतील, विषय मिटेल, कुणाला काही सांगायला नको. बघा हं, किती सोयीचा विचार!

आकडे खाली आले. आणि गाव म्हणालं, “बघा, चावी गेली आन् चोरी थांबली.”

त्याची दुरुस्तीच आबांविरुद्धचा पुरावा होऊन बसली. आबा दिसले की कैलास वाट बदलायचा. शेवटी स्नेहलपुढे त्याचा बांध फुटला. घाईला हळदच कारण, असंही तो म्हणाला.

“हळद माझ्या बहिणीची व्हती,” ती म्हणाली, “पर तार तुमीच वढली न्हवं? आजच जाऊन सांगा.”

संध्याकाळी आरतीनंतर त्याने देवळातली माणसं पंपघरात नेली. नथूआबांनाही हाताला धरून आणलं. जुनी तार परत पेटीला जोडून मोटर लावली. वॉल बंद आणि आकडे पळतायत, हे सगळ्यांनी पाहिलं. “ही चूक मला म्हाईत असून केली,” तो म्हणाला. मग शिव्यांचा पाऊस पडला. त्याने खाली मान घालून तो झेलला. रतनने चावी आबांच्या हातात दिली.

कैलास आबांच्या पायावर पडला.

“ऊठ,” आबा म्हणाले. “तुज्यावर राग न्हाई. पर त्या आकड्यांनी मलाच वाटाया लागलं व्हतं, वय झालंय, माज्याच हातनं वॉल उघडा ऱ्हात आसंल. म्हणून तर सभेत तोंड उघडलं न्हाई.”

शिव्या सोसल्या होत्या. हे त्याला सोसलं नाही. तो सगळ्यांदेखत रडला.

हल्ली आबा वॉल बंद करून घराकडे निघतात आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरतात. सुट्टी असली की कैलास मुद्दाम सोबत जातो. “आबा, बंद हाय. म्या बघितलाय,” तो सांगतो. आबा मान हलवतात आणि पुन्हा एकदा वॉल आवळून बघतात.