चौधरी सरांचं ‘माहीत नाही’

आम्ही रिटायर्ड मास्तर चहाला जमलो की किस्से निघतात, आणि सगळे चौधरी सरांचेच! शिरपूरच्या त्याच शाळेत मीही घसा फोडला, रिझल्टही माझाच चांगला. पण माझा एक किस्सा कुणाला आठवेल तर शपथ!

पोरानं काही विचारलं की विज्ञानाचा हा मास्तर म्हणायचा, “मला नाही माहीत. उद्या तू शोधून सांग!” पगार घेऊन! मी फाडफाड उत्तरं द्यायचो. तरी मधल्या सुट्टीत पोरं त्याच्याच मागे. जळफळाट होणार नाही तर काय?

*

इन्स्पेक्शन होतं. माझा वर्ग मी घोटून तयार केलेला. साहेब नेमके चौधरींच्या वर्गात शिरले. “पाल छताला उलटी कशी चिकटते?” एक पोरगा ताठ उभा राहिला. “माहीत नाही साहेब. उद्या सांगतो!”

मी दारातून मनात म्हटलं, गेली याची नोकरी! साहेब खो-खो हसले आणि उत्तर ऐकायला एक दिवस मुक्काम वाढवला. माझ्या वर्गात आलेच नाहीत.

*

एकदा एक शेतकरी आबा तावातावानं स्टाफरूममध्ये आले. “सर, आमना पोऱ्या दिनभर इचारस, हाई असं का शे, ते तसं का शे! माले काय माहीत?”

मला वाटलं, आता वाजणार याच्या कानाखाली! चौधरी म्हणाले, “आबा, मालेबी माहीत नही.” तेव्हापासून आबा दर शनिवारी बाजार आटोपून त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायला लागले!

*

पन्नाशीत चौधरींना सायकल शिकायची हौस आली. गुरू कोण? सातवीतली पोरं! गुडघे फुटले, पँट फाटली. पोरं ओरडायची, “सर, हँडल सरळ! लक्ष कुठंय?” शेवटी मैदानाला एक फेरी पुरी झाली, तर अख्ख्या शाळेनं टाळ्या वाजवल्या.

मी रोज सायकलवरूनच यायचो हो! कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

*

मग माझी मंजू त्यांच्या वर्गात गेली. माझी स्वतःची मुलगी! घरी आली की “चौधरी सर म्हणाले” सुरू. मला काही विचारेनाशीच झाली. हे मात्र फार झोंबलं.

एकदा जेवताना केळं सोलत म्हणाली, “बाबा, केळ्यात बी नाही, मग झाड कसं येतं?” किती दिवसांनी मला विचारलं! मी रुबाबात म्हणालो, “कंद लावतात.”

“मग पहिला कंद कुठून आला?”

माझ्या तोंडातून निघून गेलं, “मला... नाही माहीत.”

मंजूनं केळं खाली ठेवलं. “खरंच, बाबा?”

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी शेजारच्या वर्गात शिकवत होतो. भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, “सर! माझ्या बाबांनाही माहीत नाही!” आणि धडाधड टाळ्या. माझ्यासाठी!

शेवटचा तास मला मोकळा होता. मी गुपचूप चौधरींच्या वर्गात मागून शिरलो. त्यांनी पाहिलं, पण शिकवणं थांबवलं नाही. तेवढंही मला खटकलं.

मागच्या बाकावरचे आबा जरा सरकले आणि हळूच म्हणाले,

“बठा सर, बठा. इतला दिन कोठे व्हतात?”