कारभाऱ्याच्या मागं

सगळ्यात आधी नाव सांगते: बरुआ मॅडम. आसामच्या. दिल्लीच्या एका विद्यापीठात एम.ए.ला आम्हाला समाजकार्य शिकवायच्या. वरवंडच्या माझ्या माणसांनी त्यांना कधी पाहिलेलं नाही, आणि माझ्यासारखं गाव सोडून लांब गेलेल्यांनाही त्या ठाऊक असायचं कारण नाही. पण त्या नसत्या, तर मी पहिल्याच वर्षी परत फिरून कारेगावच्या कंपनीत पॅकिंगला उभी राहिले असते. म्हणून आधी त्यांचं नाव, मग बाकीचं.

निघाले ती दौंड स्टेशनवरून. गाडी उशिरा होती. आई पुन्हा पुन्हा पिशवी उघडून बघत होती, भाकरी मोडल्या नाहीत ना, ठेच्याचं तेल कपड्यांना लागलं नाही ना. माझे वडील, आबा, बाकड्यावर बसलेच नाहीत. गाडी फलाटाला लागल्यावर मात्र जवळ आले आणि म्हणाले, "नवी मान्सं आस्तील. आधी ऐकून घ्यायचं. कुनी आपल्या वतीनं बोलत आसंल तर मधी तोंड घालायचं न्हाई." मी मान हलवली. हे त्यांचं सांगणं मी इतकं नीट पाळलं, की त्यापायीच बुडायची वेळ आली.

आमची माणसं पूर्वी मेंढरांमागं हिंडायची. काही कुटुंबं आपापली मेंढरं घेऊन एकत्र निघायची, त्याला आम्ही वाडा म्हणतो. वाड्याचा एक कारभारी. कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, बदल्यात धान्य किती घ्यायचं, हे शेतमालकाशी तोच बोलणार. बाकीचे मागं उभे. मागं उभं राहण्यात कमीपणा नसतो. आमचा या माणसावर भरवसा आहे, एवढंच ते न बोलता सांगणं असतं. आमच्या वाड्याचे कारभारी आबाच होते. या हिंडण्यात माझी शाळा सातवीला सुटली. पुढं आबांनी मेंढरं विकली, वरवंडजवळ शेती धरली. मी कारेगावला मामांकडं राहून कंपनीत लागले. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली, मग बारावी, मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून दिल्ली.

हिंदीची भीती नव्हती. ती कंपनीतल्या बिहारी कामगारांकडून शिकले होते, त्यामुळं हॉस्टेलच्या मुली विचारायच्या, "पटना से हो क्या?" भीती इंग्रजीची होती, पण घात तिनं केला नाही.

दर आठवड्याला आमच्या ग्रुपनं एका वस्तीत फील्डवर्क करायचं आणि मग वर्गात सेमिनार द्यायचा, अशी रीत होती. ग्रुपमध्ये अनिरुद्ध नावाचा दिल्लीचाच मुलगा होता, बोलायला फर्डा. पहिल्याच दिवशी तो पुढं झाला आणि माझ्या मनानं त्याला कारभारी करून टाकलं. वस्तीतल्या बायकांशी बसून बोलायचे मी, नकाशे काढायचे मी, चार्ट रंगवायचे मी. वर्गात तो बोलायला लागला की मी त्याच्या मागं, हात बांधून. मॅडमनी मला थेट काही विचारलं तरी मी त्याच्या तोंडाकडं बघायचे. त्याच्या देखत आपण उत्तर द्यायचं म्हणजे त्याचा अपमान, असं वाटायचं. वर्गात माझं नाव पडलं 'बॉडीगार्ड'.

सहामाहीला सेमिनारच्या गुणांत माझ्यापुढं शून्य आलं. मॅडमनीच दिलेलं. हा पेपर गेला तर शिष्यवृत्ती बंद, म्हणजे हॉस्टेल बंद, म्हणजे दिल्ली संपली.

मॅडमनी खोलीत बोलावलं तेव्हा मी मनातल्या मनात बॅग भरूनच गेले. बोलत का नाहीस, असं विचारतील म्हणून उत्तर जुळवत होते. त्यांनी भलतंच विचारलं, "अनिरुद्ध बोलता है तो तुम उसके पीछे क्यों खड़ी रहती हो?"

मी वाडा सांगितला, कारभारी सांगितला. हिंदी संपली तिथं मराठीत सांगितलं. त्यांनी एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "और मैंने इसी का ज़ीरो दे दिया." मग चहा ओतता ओतता विचारलं, "अच्छा, कारभारी बीमार पड़ जाए तो?"

मला आठवलं. एकदा आबा तापानं पडले होते, तेव्हा आई पदर खोचून शेतमालकापुढं गेली होती. म्हणाली होती, "आज कारभारी मी हाय. बोला." आणि तिनं धान्य आबांपेक्षा जास्तच ठरवून आणलं होतं. हे ऐकून मॅडम खूप हसल्या.

तेव्हापासून दर सेमिनारच्या आधी त्या मला बोलावून घ्यायच्या. जे मांडायचं ते आधी मराठीत सांगायचं. त्यांना मराठीचा गंध नव्हता. "तुम बोलो, मैं सुन रही हूँ," म्हणायच्या, आणि पेन खाली ठेवून खरंच ऐकायच्या. मग तेच हिंदीत, आणि सगळ्यात शेवटी इंग्रजीत. आधी माझ्या भाषेत बोलून झालेलं असायचं, म्हणून इंग्रजीत शब्द मोडले तरी म्हणणं मोडायचं नाही. वर्गातही त्यांनी नियमच केला, प्रत्येक ग्रुपचा कारभारी दर आठवड्याला बदलणार. हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना मला आधी लाज वाटली, मग बरं वाटायला लागलं. मणिपूरचा एक मुलगा माझ्याहून गप्प असायचा. त्याची पाळी आली तेव्हा कळलं, केवढा बोलका होता.

विभागात वाद घालून मॅडमनी मला फेरसेमिनार मिळवून दिला. बाहेरचे परीक्षक आले होते. मी पुढं उभी राहिले. अनिरुद्ध आपणहून माझ्या मागं जाऊन हात बांधून उभा राहिला, हुबेहूब माझ्यासारखा. वर्ग हसला, मलाही हसू आलं, आणि त्या हसण्यानं जीभ सैल झाली. एका प्रश्नाला मात्र अडले आणि सवयीनं मागं वळले. तो हळूच म्हणाला, "इधर मत देखो. आज कारभारी तुम हो."

मी पुन्हा पुढं वळले आणि उत्तर दिलं. पास झाले.

आबांना सांगायची धास्तीच होती. वरवंडच्या दुकानातल्या फोनवर त्यांना बोलावून घेतलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या पोराला वाईट तर न्हाई ना वाटलं?"

आता मी दिल्लीतच असते. दुसऱ्या एका विद्यापीठात, लांबून शिकायला आलेल्या मुलांना लागेल ती मदत करायची, हेच माझं काम. दिवसभर मीटिंगा, मेल, कुणाच्या हॉस्टेलसाठी भांडण. सुट्टीत गावी गेले की दौंडच्या तहसील कचेरीत आबांची काही ना काही कामं निघतात. खिडकीशी पोचलो की ते म्हणतात, "तू बोल," आणि स्वतः मागं सरून उभे राहतात. माझ्यावर भरवसा आहे म्हणूनच, हे मला कळतं. तरी तेवढ्या वेळात मी गरजेपेक्षा मोठ्यानं बोलते. साहेबाला वाटतं, बाई चिडली.

घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर आता मला इतकंच सांगता येतं. दिल्लीत मी बोलते, म्हणून आहे. वरवंडला आईजवळ शेंगा फोडत संध्याकाळभर एक शब्द न बोलता बसले, तरी मी असतेच.

मॅडम निवृत्त होऊन आसामला गेल्या, त्यांच्या गावी. मी त्यांच्यापुढं बसून मनसोक्त मराठी बोलले. त्यांना मात्र त्यांच्या भाषेत बोलताना मी कधी ऐकलं नाही. दिल्लीत त्याही लांबूनच आलेल्या होत्या, हे मला तेव्हा सुचलंच नव्हतं. मॅडम, एक दिवस मी तुमच्याकडं येणार आहे. मग तुम्ही असमियात बोला, जे आणि जितकं वाटेल तितकं. मला एक अक्षर कळणार नाही. मी ऐकत बसेन.