घागरींमागून आलेली गणपूर्ती

सोलापूर मागे पडल्यावर कंडक्टरनं पुन्हा विचारलं, "बाई, बीडला खरंच चाललात? ह्या उन्हाळ्यात?"

मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका. सांगलीच्या आमच्या वाचन मंडळात 'आधुनिक संस्कृतीचा ऱ्हास' या विषयावर तासभर बोलले होते. संस्कृती जन्मते, भरभराटते, सुस्तावते आणि मरते, असं एकदम ठणकावून. टाळ्या पडल्या. तेवढ्यात आमचे जुने सहकारी ससाणे सर उठून म्हणाले, "बाई, पुस्तकातली कशाला? आमच्या गावी चला. मरायला टेकलेली ताजी दाखवतो." असं आमंत्रण कोण सोडतं?

मांजरसुंब्याला ढाब्यावर बाजरीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची झणझणीत आमटी) खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं, म्हणून ग्लास पुढे केला. वाढपी म्हणाला, "मावशी, पाणी सोडून काय बी मागा. लागली तर आमटी आणखी घ्या." आणि खरंच आणखी वाढून गेला, मेला.

ससाणे सरांचं गाव गेवराईहून चकलांब्याकडे जाताना लागतं. वेशीपाशीच चौकापासून शाळेपर्यंत घागरी, कळश्या आणि कॅन यांची लांबच लांब रांग दिसली. रांगेत माणूस एकही नाही. माणसं सगळी लिंबाखाली सावलीला.

"टँकर यायचाय," ससाणे सर म्हणाले. "घागर ठेवली की नंबर लागला. दुसऱ्याची घागर हलवायची नाही, हा इथला कायदा. त्यापायी सोयरिकी मोडल्यात."

मग त्यांनी मला गावातली बंद पडलेली सहकारी दूध संस्था दाखवली. माझा सिद्धांत तिथे ओळीनं मांडून ठेवला होता. कोनशिला म्हणजे जन्म. हारवाल्या चेअरमनांचे फोटो म्हणजे भरभराट. स्पंज बाहेर आलेला सोफा म्हणजे सुस्ती. दूध थंड करायच्या खोलीत शेळी व्यालेली. मला इतका आनंद झाला की आता लाज वाटते.

सध्याच्या चेअरमन शेवंताबाई. साठीच्या, अंगानं काटक, आवाज खणखणीत. बुडीत संस्थेचं पद कुणालाच नको होतं, तेव्हा सगळ्या पुरुषांनी मोठ्या मनानं ते बाईमाणसाला दिलं. गावातल्या शेवटच्या दोन म्हशी त्यांच्याच.

"मागं संस्थेची इहीर हाय, बाई," त्या म्हणाल्या. "दूध थंड करायला खांदलेली. पाणी हाय तिला. पण दोन पार्ट्यांचं भांडण झालं अन् सभेनं ठराव करून कुलूप घातलं. आता ते सभेनंच काढायचं. उद्या सकाळी म्हशी न्यायला यापाऱ्याची गाडी येती. आज कुलूप निघालं तर म्हशी ऱ्हातेत, न्हाई तर गेल्या." बोलता बोलता त्या म्हशीच्या पाठीवरच्या माश्या हाकलत होत्या. माझा आनंद तिथेच विरला.

सभा त्याच दुपारी होती. गणपूर्तीला वीस सभासद हवेत, हजर सहा. किल्ली सचिव भाऊरावांच्या करदोट्याला. "सभासदांनी मागितलेली इशेष सभा हाय. माणसं न्हाई भरली तर रद्द," भाऊराव म्हणाले आणि घड्याळ बघत बसले. त्या माणसाला धरून हलवावं असं मला वाटत होतं.

शेवंताबाई तरातरा लिंबाखाली गेल्या. मी मागोमाग.

"चला की रं सभेला!"

"अन् टँकर आला मंग?" दगडूआबा म्हणाले. रांगेत पहिली घागर त्यांची.

"घागरी हायत की रांगेत."

"घागर काय नळी धरती का? आमी न्हाई हलत."

शेवंताबाईंनी पदर खोचला. मग त्यांनी सरळ दगडूआबांची घागर उचलली, दुसऱ्या हातात मागची कळशी घेतली आणि संस्थेकडे चालू लागल्या. मला म्हणाल्या, "बाई, तुमी पुढच्या दोन घ्या. नंबर चुकवू नका!"

अहो, काय सांगू! आख्खा लिंब उठला. "ए शेवंते! माझी घागर!" "ठिव खाली!" शिव्या तर अशा की माझ्या इतिहासाच्या पुस्तकांत एकही नाही. पाठीमागे, नंबर जाऊ नये म्हणून आपापल्या घागरी उचलून, बायाबापड्या, पोरंसोरं, सगळा गाव. मी घागरी छातीशी धरून पळतेय, आणि जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यामागे एवढ्या तळमळीनं लागलंय!

आम्ही घागरी विहिरीच्या दारापासून ओळीनं मांडल्या. माणसं भांडत भांडत अंगणात शिरली. शेवंताबाई धापा टाकत म्हणाल्या, "भाऊराव, मोजा!"

"ही सभेला न्हाई आली, भांडायला आलीत."

"आजवर दुसऱ्या कशाला आलती?"

भाऊरावांना हे पटलं. मोजणी झाली, सभासद वीसच्या वर भरले, शिव्यांच्या गदारोळातच ठराव मंजूर झाला आणि करदोट्याची किल्ली सुटली. बादली पाण्याला लागण्याआधीच विहिरीची कमिटी कुणाची, यावर दोन पार्ट्या पडल्याही होत्या.

पाणी वर आलं. आणि मग ध्यानात आलं, की शेवंताबाईंची घागर रांगेत नव्हतीच. सकाळपासून त्या सभेची माणसं गोळा करीत होत्या. म्हणजे त्यांचा नंबर शेवटचा. म्हशी घेऊन त्या रांगेच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या.

दगडूआबांनी भरलेली बादली हातात घेतली, टोकाकडे बघितलं आणि खेकसले, "कावून तिकडं उभी हायस? आण हिकडं. मह्या नंबरावर म्हैस लाव." जरा थांबून म्हणाले, "एकच! दुसरीनं रांग धरायची."

सांगलीला परतल्यावर मंडळात मला पुन्हा बोलायला उभं केलं. संस्कृती मरते कशी, ते मला मांडताच येईना, म्हणून ही हकीकतच सांगितली. टाळ्या पडल्या नाहीत. पुढच्या खुर्चीतल्या आजी काळजीनं म्हणाल्या, "अगं, पण त्या दुसऱ्या म्हशीचं काय झालं?"

"उभी राहिली," मी म्हणाले. "दोघा-तिघांनी पुढे घ्यायची तयारी दाखवली, पण शेवंताबाईंनी ऐकलं नाही. नंबर आल्यावर प्यायली. सकाळी व्यापाऱ्याची गाडी रिकामी गेली."