देवाची डबल बेल

डिसेंबरची चौदा तारीख, रविवार. उपासनेहून घरी आले आणि साडीही न बदलता तुरीच्या शेंगा सोलायला बसले. धाकट्या दिरांनी शेतातून गोणी भरून पाठवल्या होत्या, आणि हिरव्या शेंगा ठेवून चालत नाहीत. थोड्या वेळाने पाहते तर मी दाणे खाली टाकत होते आणि टरफलं पातेल्यात. राग आला की माझे हात असे चुकतात. त्या सकाळी आमच्या मंठ्याच्या चर्चच्या मंडळीत कंडक्टर भाऊंनी नेपाळची साक्ष दिली होती, म्हणजे तिकडे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं होतं. लोकांनी डोळे पुसले होते. मला शिसारी आली होती.

कंडक्टर भाऊ आता नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात झोपेतच गेले. साक्ष मात्र अजून जिवंत आहे, नव्या लोकांना सांगितली जाते. म्हणून माणूस कसा होता ते मीही एकदा सांगून टाकते.

त्यांना काहीही विचारा, ते डोळे मिटायचे. उजवा हात डोक्याच्या वर जायचा आणि मूठ अशी वळायची की गाडीच्या छताखालची दोरी तिथे खरंच लोंबते आहे. तुम्ही लाल गाडीने फिरला असाल तर एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, हे तुम्हाला सांगायला नको. नोकरीभर ती दोरी यांनी ओढली. निवृत्त झाल्यावर ती त्यांनी देवाच्या हाती दिली. मूठ एकदा हलली तर म्हणायचे, "सिंगल आली, बाई. थांबा." दोनदा हलली तर, "डबल झाली. चला."

चर्चचं छत कधी बदलायचं, कोणाच्या मुलीला कुठलं स्थळ बरं, दूरच्या वस्तीवर प्रार्थनेला जायचं की नाही, सगळं या दोरीवर चालायचं. पाळकसाहेब सौम्य गृहस्थ, ते कधी अडवत नसत. मी मात्र लक्ष ठेवून होते. भर उन्हात चालत जायचं असेल तर हमखास सिंगल यायची. ज्या घरी मटणाचा बेत असे, तिथली डबल प्रार्थना संपायच्या आतच व्हायची. मी हे एकदा त्यांच्या तोंडावर म्हणाले, तर हसले. "प्रभूला बी ठाऊक हाय ना बाई, गाडी कुठं डिझेल भरती."

त्यांच्या बायकोचं दुखणं वेगळं होतं. वहिनी म्हणायच्या, "तुमचं बरंय, आठवड्यातून एकदा बघता. इथं सकाळी भाजी इचारली तर हात वर. बारा वाजता बेल येती, तवर मी पिठलं करून मोकळी."

नेपाळचं निमंत्रण शहरातल्या एका गटाकडून आलं. डोंगरातल्या गावांत दहा दिवस सेवा: औषधं, मुलांची गाणी, प्रार्थना. भाऊंना डबल लगेच झाली. पुढारीपणही त्यांच्याकडेच आलं. एक नर्स हवी म्हणून पाळकसाहेबांनी मला विचारलं. मीही देवाला विचारलं, नाही असं नाही. मला घंटी वगैरे ऐकू आली नाही. दवाखान्याने रजा मंजूर केली, तेवढी खूण मला पुरली.

प्रवासात ते चांगले होते, हेही सांगायला हवं. गाडी बदलताना कोणाची पिशवी राहू दिली नाही. म्हाताऱ्यांना खिडकीजवळ बसवलं. वहिनींनी ज्वारीचं पीठ आणि ठेचा बांधून दिला होता, तो सगळ्यांना वाटला. तिकडच्या भाताला कंटाळलेल्या माणसांना ते देवदूत वाटले असतील. मलाही त्या पहिल्या दिवसांत वाटून गेलं की आपण या माणसाला उगीच टोचतो.

मग ते गाव आलं. आदल्या रात्री आम्ही शाळेत मुक्काम केला होता. सकाळी एक बाई आठेक वर्षांची मुलगी घेऊन आली. मुलगी आदल्या दिवशी चुलीवर पडली होती, उजवा हात पोळला होता आणि घरच्यांनी त्यावर पाला लावून जुन्या कापडाने करकचून आवळला होता. मी कापड कापलं. हात सुजून टणक झालेला, शेवटची दोन बोटं काळसर आणि गार. मी बोटं दाबली तर तिला कळलंही नाही. न दुखणारं बोट दुखणाऱ्यापेक्षा वाईट, हे कोणतीही नर्स सांगेल.

मोठा दवाखाना खाली रस्त्यावरच्या गावात, जीपने अडीच-तीन तास. जीप आमच्याकडे होती. पण त्या संध्याकाळी आमची सभा वरच्या गावात होती, आणि एका दिवसात खाली-वर दोन्ही होणार नव्हतं. मी भाऊंना म्हणाले, हिला आत्ता न्यायचं, सभा उद्या घ्या.

ते म्हणाले, "जल्दी करू नका बाई. इचारून राह्यलो."

आणि अंगणातल्या दगडावर बसले. डोळे मिटले. हात वर गेला आणि तिथेच राहिला.

मी ड्रायव्हरला तीनदा सांगितलं. त्याला हिंदी चांगलं येत होतं, पोरगी त्याच्याच गावची होती, पण जीप भाऊंच्या नावावर ठरलेली. तो नुसता त्यांच्याकडे बोट दाखवायचा. आमची माणसं हलक्या आवाजात गाणं म्हणू लागली. पोरगी रडत नव्हती, डाव्या हाताने माझ्या स्टेथोस्कोपची नळी ओढत बसली होती. तिच्या आईने ड्रायव्हरला विचारलं, हे आजोबा काय करतात. तो म्हणाला, पूजा. मग तिनेही हात जोडले. तिला वाटलं, हा परका माणूस आपल्या लेकीसाठी एवढा वेळ देवाशी भांडतो आहे. आणि तो माणूस ठरवत होता की तिला न्यायचं की नाही. माणसाची किळस येते म्हणजे काय, ते मला त्या अंगणात कळलं.

मी त्यांचा खांदा हलवला. डोळे न उघडता म्हणाले, "सिंगल बी न्हाई, डबल बी न्हाई. काहीच येईना, बाई." आवाज कापत होता. तेव्हा मला त्या आवाजाकडे लक्ष द्यायला सवड नव्हती.

दुपारचं ऊन अंगणात उतरलं तेव्हा मी मायलेकींना जीपमध्ये बसवलं, नुसतं इंजिन तरी सुरू करून ठेव म्हणून ड्रायव्हरला बसवलं, मागून चढले आणि पत्र्यावर जोरात दोन थापा मारल्या. तिकडचे क्लीनरही गाडी सोडताना तशाच थापा मारतात. दोन थापा पडल्या की पाय क्लचवरून काढायचा, ही ड्रायव्हरच्या अंगात मुरलेली सवय. जीप हलली.

भाऊंनी डोळे उघडले. चेहरा असा उजळला की काय सांगू. "झाली! डबल झाली!" म्हणत धावत आले आणि पुढच्या सीटवर चढून बसले. वाटभर गाणी म्हणत होते.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिने हात पाहिला आणि हिंदीत विचारलं की सकाळीच का नाही आणलं. संध्याकाळी तिने सांगितलं, हात वाचेल, दोन बोटं काढावी लागतील. सकाळी आली असती तर वाचली असती का, असं मी विचारलं. म्हणाली, कदाचित. खात्रीने सांगता येत नाही, पण कदाचित. भाऊ शेजारीच उभे होते. त्यांना हिंदी माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

आणि आता चौदा तारखेला, मंडळीसमोर, नवा शर्ट घालून ते सांगत होते की सैतान दोन्ही वाटा अडवून उभा होता, पण मी दगडावरून हललो न्हाई, आणि प्रभूनं दोन घंट्या दिल्या, बराबर कानात, आणि पोरगी वाचली. बोटांचा शब्दही नाही. माझ्या शेजारची पाळकबाई हुंदके देत होती. तिने माझा हात धरून विचारलं, तुम्ही तर तिथं होता ना?

शेंगा तशाच टाकल्या आणि संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. भाऊ बाजेवर पाय वर घेऊन बसले होते. मी बसले नाही.

"भाऊ, त्या थापा मी मारल्या होत्या."

"ठाऊक हाय," ते म्हणाले.

मी वाद घालायची तयारी करून गेले होते. या उत्तराची नव्हे.

"पत्र्याचा आवाज मला कळत न्हाई का, बाई? उभी हयात गाडीत गेली."

"मग साक्ष कशाला दिली?"

"लोकं इचारत होते, काय झालं तिकडं."

"मग बोटांचं का नाही सांगितलं?"

त्यांनी बाजेची नवार चाचपली. मग म्हणाले, "बोटं सांगितली तर साक्ष राहत न्हाई ना."

इतकं सरळ म्हणाले, चहाला साखर किती ते सांगावं तसं. मी दारापर्यंत गेले होते. मागून बोलले ते माझ्याशी की स्वतःशी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"नोकरीत मला कधी ठरवावं लागलं न्हाई, बाई. टाइम ठरलेला, रस्ता ठरलेला, गाडी ड्रायव्हरनं चालवायची. मी निस्ती दोरी वढली. तिथं त्या पोरीच्या टायमाला कुणी काहीच सांगंना. हात वर गेल्ता, खाली कसा आणावा कळंना."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. कप हातात घेऊन उभ्याच राहिल्या. "मंग मला इचारायचं फोन करून," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं असतं."

कोणी हसलं नाही. मला भाऊंची दया आली. पण दया आली म्हणून किळस जाते, असं माझ्या बाबतीत झालं नाही. दोन्ही घेऊन घरी आले आणि उरलेल्या शेंगा सोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीला जाण्याआधी मी पुन्हा त्यांच्या दारात गेले. नेपाळच्या ड्रायव्हरचा नंबर माझ्याकडे होता आणि त्याला पहाटेच सांगून ठेवलं होतं, त्या मुलीच्या घरी जाऊन थांब. फोन लावला आणि भाऊंच्या हातात दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात वर जाऊ लागला, तो मी मनगट धरून खाली आणला.

"विचारायचं काही नाही. बोला," मी म्हणाले.

पलीकडे मुलीचा बाप होता. मी शेजारी उभी, सगळं ऐकू येत होतं. तो मोडक्या हिंदीत आभार मानत होता. आपने गाडी दी, आपने पूजा की, भगवान आपका भला करे. भाऊ नुसते हां हां करत होते. मग बाप म्हणाला, लडकी अब बायें हाथ से लिखती है, आणि भाऊंचं हां हां थांबलं.

"भय्या," ते म्हणाले, "देर मैंने की. गाडी खडी थी. मैंने रोक के रखी."

बापाला कळलं नसावं. त्याने पुन्हा आभार मानले आणि घरी या म्हणाला. भाऊंनी फोन दोन्ही हातांनी धरून मला परत दिला, आजारी माणूस भांडं परत देतो तसा. डोळे उघडे होते.

मी फोन पर्समध्ये टाकला. "आता येत्या रविवारी हेच मराठीतून सांगा," म्हणाले, आणि उशीर होत होता म्हणून दवाखान्यात निघून गेले.