सुईण नेटवर्कमध्ये नाही

२००५ साली अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या अपार्टमेंट्समध्ये आम्ही चौघी एकदमच गरोदर होतो. नवरे सॉफ्टवेअरमध्ये, आम्ही व्हिसामुळे घरी. रोज संध्याकाळी तळ्याभोवती फेऱ्या मारताना प्रत्येकीकडे एक तरी नवा किस्सा असायचाच. बाळंतपणं आटोपली, किस्से काही संपत नाहीत!

मला ऑपरेशन नको होतं. गरज नसताना पोट कापून घ्यायचं नाही, मिडवाइफकडेच जायचं, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

*

माझी डॉक्टर "सगळं नॉर्मल आहे" म्हणाली आणि लगेच तिने कॅलेंडर उघडलं. "थँक्सगिव्हिंगच्या आधीचा मंगळवार? ऑपरेशन उरकून टाकू."

"का? काही प्रॉब्लेम आहे?"

"छे! गुरुवारी मी सुट्टीवर फ्लोरिडाला चाललेय!"

*

शेजारच्या शिल्पाने मात्र तारीख घेतली. पुण्याच्या गुरुजींकडून मुहूर्तही आला, सकाळी दहा चाळीस. हॉस्पिटलने अगदी मिनिटावर बाळ बाहेर काढलं. तिच्या नवऱ्याने पुण्याला फोन लावला, तर गुरुजी म्हणाले, "अहो, दहा चाळीस आपले! इथे आत्ता रात्रीचे आठ वाजून गेलेत!"

शिल्पा कळवळत म्हणाली, "यार, टाके पडले ते पडले, वर पोरगी साडेनऊ तास लेट!"

*

आमच्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. मिडवाइफ म्हणजे काय ते कळल्यावर म्हणाल्या, "अगं, सुईणच हवी होती तर साताऱ्याला यायचंस! माझं विमान तरी वाचलं असतं!"

तरी मी त्यांना बर्थ सेंटरला नेलंच. रूथ नावाची तिथली मिडवाइफ तासभर बोलत बसली, त्यांचे डिंकाचे लाडूही तिने खाल्ले. परतताना सासूबाई म्हणाल्या, "एवढा वेळ देते म्हणजे फी जबरदस्त असणार."

"ऑपरेशनपेक्षा खूप कमी आहे, आई. तरी इन्शुरन्स तिचे पैसे देत नाही."

"मग इन्शुरन्सवाल्यांच्या पोटात का दुखतंय?"

*

हाच प्रश्न मी इन्शुरन्सच्या डेनिस नावाच्या बाईला फोनवर विचारला.

"ऑपरेशन महाग ना?"

"येस, मॅम."

"मिडवाइफ स्वस्त?"

"येस, मॅम."

"मग?"

"ऑपरेशन कव्हर्ड आहे. मिडवाइफ नेटवर्कमध्ये नाही, मॅम."

नवरा म्हणाला, "सोड ना, घेऊ तारीख." मी म्हटलं, "तूच घे तारीख, पोटही तुझंच दे!" सेव्हिंग्जमधले पैसे भरून मी रूथकडेच गेले. मुलगी एका शनिवारी भर दुपारी, स्वतःच्या सवडीने आली. सासूबाईंनी माझा हात शेवटपर्यंत सोडला नाही. मला तेव्हा रडूच फुटलं.

*

पैसे मात्र मी सोडणार नव्हते. दोन अपिलं इन्शुरन्सने फेटाळली, मी तिसरं केलं. मुलीला मांडीवर घेऊन पुन्हा फोन लावला. पलीकडे डेनिसच. एव्हाना तिला माझा मेंबर नंबर पाठ झाला होता.

"तिसरंही नामंजूर झालंय, मॅम."

"मग चौथं करते. तुम्ही थकाल, मी नाही थकणार!"

ती आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "मॅम, मला सातवा महिना लागलाय. तुमच्या त्या रूथचा नंबर देता?"